वाटणी न होणारी ठेव



आज आम्ही तुम्हांला एका ठेवीची गोष्ट सांगणार आहोत. ही ठेव बँकेत नाही, पेढीवर नाही. ती आपल्या औंधच्या डोंगरावर आहे.

यमाईच्या दर्शनाला जाताना वाटेत एक मोठी इमारत लागते. पौषातल्या यात्रेला येणारी किती तरी माणसे तिच्यावरून जातात. वर जाऊन देवीला नारळ फोडतात, खाली येऊन प्रसाद घेतात आणि एस. टी. पकडतात. त्यांतली आत किती जातात? बरे, बाहेरच्यांचे सोडा. आपल्यापैकी किती जण आत गेले आहेत?

त्या इमारतीचे नाव श्री भवानी संग्रहालय. “ते शिकलेल्यांचं काम, आपल्याला त्यातलं काय कळतंय?” असे आपण म्हणतो. हे म्हणणे चूक आहे. का चूक, ते ऐका.

औंध हे पूर्वी संस्थान होते. लहानसेच, ७२ गावांचे. ही गावेही एका जागी नव्हती. आटपाडी एकीकडे, कुंडल दुसरीकडे. ती दोन्ही आज सांगली जिल्ह्यात आहेत. या संस्थानच्या गादीवर १९०९ साली भवानराव पंतप्रतिनिधी आले. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. सूर्यनमस्कारांचा त्यांना मोठा ध्यास. तसाच चित्रांचाही. ते स्वतः हाती कुंचला घेऊन चित्रे काढीत. देशोदेशीची चित्रे, मूर्ती आणि कोरीव कामाच्या वस्तू त्यांनी जमविल्या.

या वस्तू त्यांनी वाड्यात कुलपात ठेवल्या असत्या, तर त्यांना कोण विचारणार होते? पण त्यांनी तसे केले नाही. १९३८ साली डोंगरावर संग्रहालय उभे करून त्या सर्वांसमोर मांडल्या. पुढच्याच साली, म्हणजे १९३९ साली, महात्मा गांधींचा सल्ला घेऊन त्यांनी राज्यकारभारही लोकांच्या हाती दिला. डोंगरावर वस्तू लोकांपुढे आल्या, खाली कचेरीत कारभार लोकांपुढे आला. दोन्हींच्या मागे मन एकच होते.

१९४८ साली संस्थान विलीन झाले. राजधानी गेली, कचेऱ्या गेल्या. आज तालुक्याच्या कामाला आपल्याला वडूजला जावे लागते. तरणी पोरे पोटासाठी पुण्या-मुंबईला गेली. मग गावात उरले काय? यमाई उरली. शाळा उरली. संग्रहालय उरले. आणि गाणे उरले. गायक अंतुबुवा जोशी यांनी १९४० साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ इथे संगीत उत्सव सुरू केला. त्यांच्या मागे मुलांनी आणि शिष्यांनी तो पुढे नेला.

आता आपल्या घरातले पाहा. भावाभावांची वाटणी होते. जमीन वाटतात, विहिरीच्या पाण्याची पाळी वाटतात, भांडीकुंडी वाटतात. पण देव्हाऱ्यातल्या टाकांची वाटणी कोणी करतो का? देव थोरल्याच्या घरी राहतात आणि सणावाराला सगळे भाऊ तिथे जमतात. वर्षभर न बोलणारेही त्या दिवशी एका पंगतीला बसतात. घराला देव्हारा, तसे गावाला संग्रहालय. ते कोणा एकाचे नाही. म्हणून ते सर्वांचे आहे. आज त्याची व्यवस्था महाराष्ट्र शासन पाहते. पण व्यवस्था शासनाची असली तरी ठेव आपली आहे.

तुम्ही विचाराल, “गुरुजी, आत आमचं असं काय आहे?” सांगतो. पुष्कळांच्या घरी लक्ष्मीची तसबीर आहे. कमळात उभी, हातात कमळे, शेजारी हत्ती. तशी चित्रे रवि वर्मा नावाच्या केरळातल्या चित्रकाराने काढली. १८९४ साली त्यांनी छापखाना काढला आणि चित्रे घरोघर पोहोचविली. त्याआधी असे रंगीत चित्र गरिबाच्या भिंतीवर कुठले? त्याच रवि वर्मांची हाताने रंगविलेली चित्रे आपल्या डोंगरावर आहेत. ज्यांच्या छापील चित्राला आपण रोज उदबत्ती लावतो, त्यांचे अस्सल काम पायाशी असून आपण पाहत नाही!

यात दोष तुमचाच आहे असे नव्हे. आमचाही आहे. आम्ही वर्षानुवर्षे शाळेची मुले तिथे नेली. कशी नेली? रांगेत. हात मागे बांधून. “बोलू नका, थांबू नका, पुढे चला.” अर्ध्या तासात बाहेर. आमचा एक विद्यार्थी आज गवंडीकाम करतो. त्याला आम्ही एकदा विचारले, “बाबा, संग्रहालयातले तुला काय आठवते?” तो म्हणाला, “गुरुजी, फरशी गार होती, एवढंच आठवतं.”

हे ऐकून आम्हांला लाज वाटली. मुलांना आम्ही भीती शिकविली, पाहणे शिकविले नाही.

म्हणून प्रौढ वर्गातली मंडळी घेऊन गेलो, तेव्हा आम्ही वेगळे केले. सांगितले, “सगळे पाहू नका. प्रत्येकाने एकच वस्तू निवडा. तिच्यापुढे उभे राहा. मग बाहेर येऊन आम्हांला सांगा.” एक मावशी दगडाच्या एका लहान मूर्तीपुढे उभ्या राहिल्या. आई आणि मूल. इंग्लंडचे जगप्रसिद्ध शिल्पकार हेन्री मूर यांनी ती घडविली आहे. मावशींना हे ठाऊक नव्हते. त्या म्हणाल्या, “नाकीडोळी काही धड न्हाई. पण पोर कसं धरलंय बघा. धरणारीलाच कळतं ते.” आम्ही मॅट्रिक झालेलो, मुख्याध्यापक. इतक्या वर्षांत आम्हांला हे दिसले नव्हते. मग त्यांनी शेजारच्या पाटीवरची अक्षरे एकेक करून लावली. पाटी वाचून झाली तेव्हा त्या हसल्या. “आता कोणी म्हणू दे, तिथं तुमचं काय काम,” असे म्हणाल्या.

चित्राने गाव टिकते का? एक दूरची गोष्ट सांगतो, पण धागा औंधचाच आहे. इथला कारभार लोकांच्या हाती देताना मॉरिस फ्रीडमन नावाचे एक परदेशी गृहस्थ मदतीला होते. ते मूळचे पोलंड देशातल्या वॉर्सा शहरचे. हे वॉर्सा शहर १९४४ साली जर्मन फौजेने जमीनदोस्त केले. लढाई संपल्यावर लोक परत आले. घरे नाहीत, गल्ल्या नाहीत. पण बेलोत्तो नावाच्या चित्रकाराने अठराव्या शतकात त्या शहराची चित्रे काढून ठेवली होती. ती चित्रे आणि जुने नकाशे पाहून लोकांनी जुने गाव पुन्हा बांधले. चित्रे जपली होती, म्हणून गाव पुन्हा ओळखू आले.

तेव्हा मंडळी, आमचे तीन गोष्टींचे मागणे आहे.

पहिली गोष्ट. घरी पाहुणा आला की त्याला देवीला न्या, आणि उतरताना संग्रहालयातही न्या. पुण्या-मुंबईची पोरे सुट्टीला आली की त्यांनाही न्या.

दुसरी गोष्ट. तिथल्या वस्तूंना हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका. हाताच्या घामाने रंग खराब होतो. पाहायचे ते डोळ्यांनी.

तिसरी गोष्ट. पाटी वाचा. हळू वाचा, अडखळत वाचा, पण स्वतः वाचा. आणि घरी येऊन एका तरी मुलाला सांगा की, आज मी हे पाहिले.

पैशाची ठेव काढली की कमी होते. ही ठेव पाहिली की वाढते. आणि कोणी पाहिलीच नाही, तर ती असून नसल्यासारखी होते.

येत्या रविवारी सकाळी आम्ही डोंगराच्या पायथ्याशी उभे राहू. यायचे ना?