उत्खनन एकाचे, नाव दुसऱ्याचे

मोहेंजोदडो म्हटले की सर जॉन मार्शल यांचे नाव ओठांवर येते. १९२४ साली सिंधू संस्कृतीची वार्ता जगाला त्यांनीच दिली आणि १९३१ चा त्रिखंडात्मक ग्रंथही त्यांच्याच संपादनाखाली निघाला. परंतु १९२२ साली तेथे उत्खनन आरंभिले ते राखालदास बॅनर्जी यांनी. ते पुरातत्त्व खात्याच्या पुणे येथील पश्चिम मंडळाचे अधिकारी होते. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत असे. त्यांचा अहवाल खात्याने छापला नाही. १९३० साली ते निवर्तले. अहवाल ग्रंथरूपाने प्रकाशात आला तो १९८४ साली.

मार्शल यांनी बॅनर्जींचा नामोल्लेख टाळला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी तो आदराने केला. पण प्रस्तावनेतील आभार ही देणाऱ्याची मर्जी असते. ग्रंथकर्ता म्हणून नाव हा करणाऱ्याचा हक्क असतो. वरिष्ठाच्या औदार्यावर कनिष्ठाचे श्रेय अवलंबून राहावे, हीच मुळात विषमता होय.

ही उतरंड बॅनर्जींपाशी संपत नाही. कुदळ त्यांच्याही हाती नव्हती. ती मजुरांच्या हाती होती. मजुरांची नावे हजेरीपटापुरती. अहवालात ती शोधूनही सापडत नाहीत. मजुरीने श्रमाचे देणे कदाचित फिटेल, श्रेयाचे फिटत नाही.

म्हणून ज्याने खोदले, मोजले, रेखाटले, लिहिले, त्याचे नाव त्याच्या कामापुढे छापलेच पाहिजे. आणि ही मागणी करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या पाहणी-अहवालांपासूनच तिचा आरंभ करावा.