शेतात सापडणाऱ्या मोडक्या धातूवस्तू : ओळख आणि नोंद

नांदेड व लातूर जिल्ह्यांत नांगरताना, विहीर खोदताना किंवा पांढरीची माती उपसताना एखादी मोडकी धातूची वस्तू वर येते. कंधार, औसा, उदगीर अशा जुन्या किल्ल्यांच्या मुलखात त्याचे आश्चर्य नाही. परंतु ती मोडीत तरी जाते किंवा चिंच-राखेने घासून चकचकीत तरी केली जाते, आणि पुरावा नाहीसा होतो.

प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका शेतकऱ्यास कांस्याचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ सापडला. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. हा ठेवा शास्त्रीय उत्खननात न मिळाल्यामुळे तो कोणत्या थरातील, हे निर्विवाद सांगता आले नाही. त्याच्या काळाविषयी विद्वानांत दीर्घकाळ वाद राहिला. एवढ्या मोठ्या ठेव्याची ही स्थिती, तर मोडक्या घंटेची काय कथा!

वस्तू धुऊ नये, वाकवून सरळ करू नये. तांबे व कांसे हिरवे पडते. त्यावर फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर झीज चालू आहे असे समजून वस्तू कोरडी ठेवावी. लोखंडाला तांबूस पापुद्रे धरतात. शिशाची नाणी करड्या खड्यासारखी दिसतात. सातवाहनांची कित्येक नाणी शिशाचीच आहेत.

नोंदीत ‘शिवकालीन भांडे’ असा तर्क लिहू नये. ‘तांब्याचा वाकलेला पत्रा, एका कडेस दोन भोके’ एवढे लिहिणे अधिक मोलाचे. लांबी, वजन, गट क्रमांक, बांधापासूनचे अंतर, खोली, तारीख लिहावी आणि शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व वरची वस्तू खाली उतरते. म्हणून केवळ खोलीवर विसंबू नये, जवळची खापरेही त्याच पिशवीत ठेवावीत.

साधे धातुशोधक यंत्र जमिनीत धातू आहे एवढेच सांगते; खिळा आणि नाणे यांवर ते सारखेच वाजते. संरक्षित स्थळी परवानगीवाचून खोदणे हा गुन्हा आहे. वस्तू मिळताच तलाठ्यामार्फत तहसीलदारांना लेखी कळवावे. तेथून माहिती पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे पाठविता येते. कळविणाऱ्याने नोंदीची एक प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी.