घर सोडण्याआधीचे दोन महिने



दुसऱ्या पीयूसीचे निकाल लागले. आता घराघरांत एकच विषय आहे, पोराला कुठं घालायचं. आपलं मन्नाएखेळ्ळी गाव मोठ्या रस्त्यावरचं. चौकात उभं राहिलं की एका अंगाला हैदराबाद, दुसऱ्या अंगाला हुमनाबादवरून सोलापूर-पुणे, आणि फाट्यावरून वर बिदर. कलबुर्गीला जायला २०१७ पासून बिदर-हुमनाबाद-कलबुर्गी रेल्वेही आहे. रस्ते इतके असल्यामुळे जाण्याची तयारी आपण बॅग भरण्यापुरतीच धरतो. मला आज त्या बॅगेत न मावणाऱ्या तयारीबद्दल बोलायचं आहे.

मी पुष्कळ वर्षं पहिल्या वर्षाचे वर्ग घेतले. प्रवेशाच्या दिवसांत टेबलाशी बसलं की एक गोष्ट सारखी दिसायची. कारकून विचारतो, "नाव काय?" उत्तर वडील देतात. "विषय कुठले?" वडीलच सांगतात. "उत्पन्नाचा दाखला आणलाय?" वडील पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढतात, आणि मुलगा बाजूला उभा राहून मोबाइलकडे बघत असतो. ती फाइल त्याने एकदाही उघडलेली नसते. दुपारी वडील बसला बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळपासून या मुलाला प्रत्येक गोष्ट स्वतः विचारायची असते. हॉस्टेलचा फॉर्म कुठं मिळतो, प्रॅक्टिकलची बॅच कुठली, मेसचे पैसे कधी भरायचे. आणि विचारायची त्याला सवयच नसते. अशी मुलं अभ्यासात कमी पडतात म्हणून मागं राहत नाहीत. विचारायची लाज वाटते म्हणून राहतात. स्कॉलरशिपची तारीख निघून जाते, परीक्षेचा अर्ज राहतो, न समजलेला धडा तसाच राहतो. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे, की ही लाज घालवणं हीच पहिल्या वर्षाची पहिली तयारी, असं माझं मत झालं आहे. ती घरातूनच, जायच्या आधी घालवता येते.

आधी थोडं मागं जाऊ. शिकायला घर सोडणं या मुलखाला नवं नाही. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, आणि तिथलं उच्च शिक्षण उर्दूतून होतं. घरी मराठी, कन्नड नाहीतर तेलुगू बोलणारी मुलं तिथं जाऊन कायदा, गणित, रसायनशास्त्र उर्दूतून शिकायची. त्यासाठी निजाम सरकारने दारुल तर्जुमा नावाचं भाषांतराचं स्वतंत्र खातं काढलं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलाच्या हातात त्याला वाचता येईल असं पुस्तक पाहिजे, एवढी जाण त्या खात्यामागे होती. आज आपल्या मुलांना इंग्रजीची धास्ती वाटते. दुसऱ्याच भाषेत विज्ञान शिकायची ही वेळ त्यांच्या पणजोबांच्या पिढीवरही आली होती, आणि त्यांनी ती निभावली.

मग १९३८ साल आलं. उस्मानियाच्या वसतिगृहात वंदे मातरम् म्हणायला बंदी झाली, मुलांनी ती मानली नाही, आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं. वर्ष मध्येच तुटलं. नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडलं. हैदराबाद संस्थानातली ही मुलं ओळखपाळख नसलेल्या शहरात, हातात पुरते पैसे नसताना, नव्या अभ्यासक्रमाला सामोरी गेली. वरंगळकडचे एक तेलुगू विद्यार्थी त्यांच्यात होते. पुढे हे पी. व्ही. नरसिंह राव देशाचे पंतप्रधान झाले. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. घर सोडून गेलेला विद्यार्थी शेजारच्या भाषेत किती खोल उतरू शकतो, हे यावरून कळावं.

भाषेच्या बाबतीत आपली लेकरं गरीब नाहीत. घरात मराठी, शाळेच्या आवारात कन्नड, बाजारात उर्दू-हिंदी, जहीराबादकडच्या पाहुण्यांशी तेलुगू. हुमनाबादजवळ माणिकनगरात माणिकप्रभूंनी मराठीत, कन्नडात, उर्दूत पदं केली आणि ती आजही गायली जातात. ही मुलं पुण्यात गेली की त्यांची मराठी ऐकून कुणी हसतं, बेंगळुरूला गेली की कन्नड ऐकून कुणी हसतं. मुलांनो, त्या हसण्याने गप्प बसू नका. तुमच्या बोलण्याला चार भाषांचा हात लागलेला आहे. हसणाऱ्यांत कित्येकांना तेवढ्या येत नाहीत.

इंग्रजीचं मात्र काम करावं लागेल, आणि त्याला दोन महिने पुरतात. पहिल्या वर्षाच्या एखाद्या पुस्तकाचा पहिला धडा रोज मोठ्याने वाचा. अडलेला शब्द वहीत लिहा, त्यापुढे आपल्या भाषेत त्याचा अर्थ लिहा. अभियांत्रिकीला जाणाऱ्यांसाठी तंत्रशिक्षण परिषदेच्या ई-कुंभ या संकेतस्थळावर मराठी आणि कन्नडात पाठ्यपुस्तकं फुकट आहेत. इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून ती वाचली तर कॉलेज सुरू व्हायच्या आधीच पाया बसतो. दारुल तर्जुमाने केलं तेच काम आज मोबाइलवर मिळतं आहे, ते घ्या.

आता कागद. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या भागात इथंच सगळ्यात जास्त नुकसान होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे मुंबई राज्यात गेले, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात, आणि आपण म्हैसुरात. सोयरिकी तुटल्या नाहीत, बाजार तुटले नाहीत, पण कागद वेगळे झाले. लातूर आपल्याला नात्याने जवळचं, नियमाने परराज्य. हैदराबादचंही तेच, तेलंगणात आपलं लेकरू स्थानिक धरलं जात नाही.

म्हणून ऐका. कर्नाटकात राहून शिकायचं असेल तर कलम ३७१ जे चं पात्रता प्रमाणपत्र हातात असलंच पाहिजे. २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने हे कलम आलं. त्याखालच्या आदेशाप्रमाणे आपल्या कल्याण कर्नाटकातल्या शिक्षणसंस्थांत ७० टक्के जागा आणि उरलेल्या राज्यातल्या संस्थांत ८ टक्के जागा इथल्या मुलांसाठी राखीव असतात. हे प्रमाणपत्र सहायक आयुक्तांच्या कचेरीतून मिळतं. बेंगळुरूला जाणाऱ्याला ते घरी विसरून चालत नाही.

महाराष्ट्रात जाणाऱ्यांचं निराळं. तिथल्या अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत ‘ई’ हा प्रकार आहे. सीमाभागातल्या शाळा-कॉलेजातून दहावी-बारावी झालेली आणि मातृभाषा मराठी असलेली मुलं त्यात धरतात. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, त्या यादीत आपली शाळा ज्या गावात आहे ते गाव आहे का, हे अर्ज भरायच्या आधी बघा, नंतर नको. दुसरी गोष्ट, इथला जातीचा दाखला तिथं आरक्षणाला चालत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यागणिक वेगळ्या आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच सांगितलं आहे की एका राज्यातली सवलत दुसऱ्या राज्यात बरोबर नेता येत नाही. पुष्कळ आईबाप ही गोष्ट फी भरताना पहिल्यांदा ऐकतात. आणि लातूरला अकरावी-बारावी केली म्हणजे महाराष्ट्राच्या वैद्यकीय कोट्यात जागा मिळाली, असं धरून चालू नका. त्या कोट्याला सर्वसाधारणपणे दहावीही महाराष्ट्रातली लागते. कर्नाटकाच्या कोट्यालाही इथं किती वर्षं शिकलात ते बघतात. लातूरला पाठवणं वाईट नाही, तिथं शिकवणी चांगली आहे, पण हा हिशेब दहावीनंतरच मांडून पाठवा.

हे सगळे कागद कुणी काढायचे? बापाने नाही. मुलाने. मुलीने. नाडकचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्यांना एकटं जाऊ द्या. पहिल्या दिवशी सांगतील, साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी सांगतील, आधारमध्ये नाव वेगळं आहे, गुणपत्रिकेत वेगळं आहे. आपल्याकडे हे फार होतं. कानडी पद्धतीने आद्याक्षर पुढे, मराठी पद्धतीने आडनाव पुढे, आणि एकाच लेकराची तीन नावं तीन कागदांवर. ते दुरुस्त करायला कुठला अर्ज, कुठला पुरावा, कुणाची सही, हे त्याने स्वतः विचारू दे. त्यात दोन फेऱ्या वाया जातील. त्या दोन फेऱ्यांत त्याला खिडकीपाशी उभं राहून, आवाज न चढवता आणि मान खाली न घालता, आपलं काम सांगता यायला लागेल. कुठल्याही कॉलेजच्या ऑफिसात हेच लागतं.

पैशाचंही तसंच. महिन्याचे पैसे एकरकमी त्याच्या खात्यात टाका आणि जूनमध्ये घरीच एक महिना त्याला त्यात चालवू द्या. मोबाइल रिचार्ज, वह्या, प्रवास, चहापाणी, सगळं त्यातून. पंचवीस तारखेला पैसे संपले तर घरी संपू दे, परक्या गावात नको. सरकारी हॉस्टेलात जागा मिळाली नाही तर मागासवर्गीय मुलांसाठी कर्नाटकाची विद्यासिरी योजना आहे, जेवणराहण्यासाठी दरमहा ठरावीक पैसे देणारी. अर्ज वेळेत भरला तरच मिळतात. खोली भाड्याने घेताना डिपॉझिटची लेखी पावती घ्या, घरमालक कितीही ओळखीचा असला तरी.

जेवणाबद्दल आयांना सांगतो. मेसचं जेवण पहिल्या महिन्यात कुणालाच गोड लागत नाही. आपल्याकडची पातळ कडक भाकर नीट वाळवून डब्यात ठेवली तर कित्येक दिवस टिकते, आणि शेंगाची चटणी त्याहून जास्त. दोन्ही द्या. पण मुलाला भात लावायला आणि वरण फोडणीला टाकायलाही शिकवा. ताप आला, मेस बंद असली की चटणी पुरत नाही. कपडे धुणं, बटण लावणं, गोळीच्या पाकिटावरची तारीख वाचणं, हे मुलींना आपण न सांगता शिकवतो. मुलांनाही शिकवलं पाहिजे.

मुलींचा विषय मला वेगळा बोलायचा आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही. या शक्ती योजनेने खरंच मोठं काम केलं. आपल्या गावच्या मुली त्यामुळे रोज बिदरला कॉलेजला जाऊ शकतात. पण आता काही घरांत याचंच कारण पुढे करून हॉस्टेल नाकारतात. जाऊन-येऊन होतंय की, मग राहायला कशाला, असं म्हणतात. विज्ञानाच्या मुलीचं प्रॅक्टिकल दुपारी लांबतं, आणि लायब्ररीचा खरा उपयोग संध्याकाळी होतो. तिचं सगळं लक्ष घड्याळाकडे आणि बसकडे. परत घरी येऊन स्वयंपाकाला हात लावायचा. अशा मुलीकडून तुम्ही हॉस्टेलात राहणाऱ्या तिच्या भावाइतक्या गुणांची अपेक्षा कशी करता? मुलगी विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा नर्सिंगला जात असेल आणि हॉस्टेल मिळत असेल, तर तिला राहू द्या. तिची काळजी वाटते ना? मग हॉस्टेल स्वतः जाऊन बघा, वॉर्डनला भेटा, दार किती वाजता बंद होतं ते विचारा.

शेवटी आईबापांना एक विनंती. पहिल्या दिवाळीच्या आत लेकरू एकदा तरी फोनवर म्हणेल, मला इथं जमत नाही. लगेच न्यायला जाऊ नका, आणि रागावूही नका. काय जमत नाही ते शांतपणे विचारा. बहुतेक वेळा ते एखाद्या विषयाबद्दल, खोलीतल्या जोडीदाराबद्दल, नाहीतर जेवणाबद्दल असतं, आणि त्याला उपाय असतो. कुणी त्रास देत असेल, रॅगिंग असेल, तर तो गुन्हा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम त्याविरुद्ध आहेत आणि १८००-१८०-५५२२ हा फुकट क्रमांक आहे. मन फारच खचलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथं मराठीत आणि कन्नडातही बोलता येतं. दोन्ही क्रमांक आजच मुलांच्या मोबाइलमध्ये घाला, आणि तुमच्याही.

उद्या सोमवार आहे, कचेरी उघडी आहे. कागदांची फाइल मुलाच्या, मुलीच्या हातात द्या आणि त्यांना एकटं पाठवा.