कोयता खाली ठेवणारे आण्णा

(ऊसतोड कामगार स्त्रियांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

आज मी माझ्या वडिलांविषयी, आण्णांविषयी बोलणार आहे. बायांच्या मेळाव्यात पुरुषाचं कौतुक कशाला, असं कुणाला वाटेल. पण आण्णांच्या आयुष्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे, म्हणून बोलते.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, तुम्हाला माहीतच आहे. उत्तरेला प्रवरा-गोदावरीचे कालवे, ऊस आणि कारखाने. लोणीचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, मग एकामागून एक उभे राहिले. दक्षिणेला आमची कोरडवाहू बाजरी. तिकडचा ऊस तोडायला इकडची माणसं जातात.

१९७२ च्या दुष्काळात आण्णा आणि आई खडी फोडायला गेले. दुष्काळ सरला, कर्ज सरलं नाही. मग हातात कोयता आला. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन निघायचं, ते उन्हाळा लागल्यावर परतायचं. 'आण्णांसारखा तोड्या नाही,' असं गाव अजून म्हणतं, ते खरंच आहे. पण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आण्णा तोडायचे, आई पाचट काढायची, मोळ्या बांधायची आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायची. त्याआधी पहाटे उठून भाकरी थापायची ती वेगळीच. आजारी पडली तर खाडा धरायचे. उचल मात्र आण्णांच्या नावावर. तोड्या म्हणून आईचं नाव कुणी घेतलं नाही.

मी तिसरीत शाळा सोडली. कोपीत धाकट्या भावाला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. पंधराव्या वर्षी आण्णांनीच मला उजवलं. वयात आलेली पोर फडात न्यायची कशी आणि गावात ठेवायची कुणाच्या भरवशावर, हा त्यांचा प्रश्न होता. आजही हजारो आईबापांचा हाच प्रश्न आहे.

पुढे आई गेली. भाऊ-वहिनी तोडीला जाऊ लागले. त्यांच्या दोन मुली शाळेत रमल्या होत्या. बैलांकडे बघायला आण्णांना बरोबर न्यावं, असं भावाच्या मनात होतं. आण्णा म्हणाले, "मी येत नाही. पोरी शाळेत जातील. मी घरी राहतो."

साठी ओलांडलेला माणूस भाकरी थापायला शिकला. पहिल्या भाकरी करपल्या. 'म्हातारा चुलीपुढं बसला,' म्हणून पारावर लोक हसले. आण्णांनी पाणी भरलं, वेण्या घातल्या, शाळेच्या पालकसभेला गेले. थोरलीला पाळी आली तेव्हा स्वतः जाऊन आशाताईंना बोलावून आणलं. ती नववीत असताना स्थळ आलं. आण्णांनी चहा पाजला आणि सांगितलं, "अठरा पुरी होऊ द्या, मग तिलाच विचारा." आज ती नर्स आहे, धाकटी कॉलेजात.

एकदा मी विचारलं, "आण्णा, जड काम कोणतं, तोडीचं की घरचं?" ते म्हणाले, "पट्टा पडला की कोयता थांबतो. चूल थांबत नाही. तुझ्या आईनं तर दोन्ही केलं."

आण्णा गेले तेव्हा सगळे त्यांनी तोडलेल्या उसाविषयी बोलले. मला मात्र त्यांनी सांभाळलेल्या त्या सहा-सात हंगामांविषयी बोलावंसं वाटतं. त्या कामाचा पैसा आला नाही, पण दोन पोरींचं आयुष्य त्यावर उभं राहिलं.

तरीही मैत्रिणींनो, प्रत्येक पोरीच्या नशिबी असा आजोबा नसतो. चांगल्या माणसांच्या भरवशावर पोरींची शाळा ठेवता येणार नाही. टोळी गाव सोडते त्याच दिवशी गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं पाहिजे. कोयत्याच्या करारात बाईचं नाव आलं पाहिजे, तिची मजुरी तिच्या खात्यात पडली पाहिजे. फडावर पाळणाघर पाहिजे. आणि घरातल्या पुरुषांनी चुलीपुढं बसायला साठीची वाट बघू नये.