डीप सी फिशिंग, पण खिशाला परवडेल असं

हेडफोन नीट लावा, आज आपण घाट उतरून थेट समुद्रात जाणार आहोत.

मी मूळचा गगनबावड्याचा, कामानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवाळी जवळ आली की आमच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो, "यंदा डीप सी फिशिंगला जायचं का?" मग कुणीतरी एखाद्या पॅकेजचा स्क्रीनशॉट टाकतो, आकडा बघून सगळे गप्प. प्लॅन तिथंच बुडतो, समुद्रात जायच्या आधीच.

तर आज सांगतो की ही ट्रिप स्वस्तात होते. फक्त पैसे कुठं वाचवायचे आणि कुठं अजिबात नाही, हे आधी ठरवा. अंतरात वाचवा, सुरक्षेत नाही. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी एपिसोड वसूल.

आधी 'डीप सी' म्हणजे नक्की काय ते बघू. विजयदुर्गपासून पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं एक प्रवाळांचं पठार आहे, आंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून हे नाव पडलं. तिथं वरच्या भागात पाणी जेमतेम २० मीटर, आपल्या कोळ्यांच्या भाषेत ११ वाव. एक वाव म्हणजे सहा फूट. पण त्या पठाराच्या पलीकडे तळ एकदम खोल जातो. खरा खोल समुद्र सुरू होतो तो तिथून.

आता हिशोब करा. १०५ किलोमीटर म्हणजे ५७ सागरी मैल. बोट ताशी ८ सागरी मैलांनी चालली तर एका बाजूला सात तास, जाऊन-येऊन चौदा. समजा इंजिन तासाला १५ लिटर डिझेल खातं. झालं की २१० लिटर! नुसत्या डिझेलचे १९ हजारांच्या आसपास. त्यात खलाशांची मजुरी, बर्फ, जेवण, बोटीचं भाडं अजून धरलेलंच नाही. आणि मोठी इंजिनं यापेक्षा जास्त पितात.

आता दुसरा हिशोब. मालवण-देवगडकडं छोट्या फायबर बोटी असतात, मागं साधारण १० हॉर्सपॉवरचं इंजिन. फुल्ल थ्रॉटलला तासाला चारेक लिटर पेट्रोल लागतं. चार तासांच्या ट्रिपमध्ये इंजिन चालतं दीड तास, बाकी वेळ बोट नांगरावर. म्हणजे सहा लिटर. फरक कळला का? तुम्ही पैसे माशाचे देत नाही, अंतराचे देता.

आणि जवळच्या पाण्यात मजा कमी असते असं नाही. खडकाळ तळाच्या आसपास तांबोशी, गोबरा लागतो. नशीब जोरावर असेल तर सुरमई. महागडा रॉड-रीलही लागत नाही. तंगूस, गरी, शिशाचं वजन आणि आमिषाला कोळंबी नाहीतर बांगड्याचे तुकडे. तंगूस बोटावर धरून बसायचं. मासा टोचायला लागला की ते जे बोटाला कळतं ना, ते कुठल्याच स्क्रीनवर मिळत नाही. फक्त हातमोजे ठेवा, मोठा मासा ओढायला लागला की तंगूस बोट कापते.

आता तारखा, कारण इथं बरेच जण फसतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. लोकांना वाटतं, १ ऑगस्टला बंदी उठली की निघायचं. पण पर्यटक आणि प्रवासी बोटींची बंदी वेगळी, ती साधारण २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत असते. त्यामुळं सप्टेंबरच्या आधी कुणी "चला, नेतो" म्हणालं तर हात जोडायचे.

पाऊस संपला म्हणजे समुद्र शांत झाला असंही नाही. फयान वादळ आलं ते नोव्हेंबर २००९ मध्ये. क्यार ऑक्टोबर २०१९ मध्ये, तौक्ते मे २०२१ मध्ये. म्हणजे पर्यटनाच्या सीझनच्या दोन्ही टोकांना धोका आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा. त्यातही नाताळ ते ३१ डिसेंबर टाळा, आणि जमलं तर मंगळवार-बुधवार धरा. राहणं आणि बोट, दोन्हीचा भाव खाली येतो.

आता ज्यात पैसे वाचवायचे नाहीत ती गोष्ट. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. ट्रॉलर नाही, वादळ नाही, भर समुद्र नाही. सुट्टीवर आलेली माणसं होती.

म्हणून बोट ठरवताना भावाआधी चार प्रश्न विचारा. पहिला, प्रवासी नेण्याचा परवाना आहे का? मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय विभागाचा असतो, प्रवासी वाहतुकीचा महाराष्ट्र सागरी मंडळाचा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा, त्या परवान्यावर किती माणसं लिहिलीत? आठ लिहिली असतील आणि तुम्ही दहा असाल, तर दोघांनी किनाऱ्यावर चहा प्यायचा. तिसरा, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का? आणि ते बाकाखाली नको, अंगावर हवं, बक्कल लावून. चौथा, विमा कुणाचा आहे, फक्त खलाशांचा की प्रवाशांचाही?

तांडेलाला हे विचारायला लाजू नका. "काका, जरा परवाना बघू का?" एवढंच. चांगला तांडेल रागावत नाही, उलट त्याला बरं वाटतं. आणि तो जर म्हणाला, "आज नको, वारा बरोबर नाही", तर घासाघीस करायची नाही. पाचशे जास्त देतो म्हणून तर अजिबात नाही. त्याचं सगळं आयुष्य त्या पाण्यावर गेलंय, आपलं वीकेंडला.

हवामान स्वतःही बघा. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांची उंची, वारा, उंच लाटांचे इशारे रोज देते, तेही फुकट. हीच संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य मोजून मासे कुठं मिळतील याचा अंदाज मच्छीमारांना देते. आपल्या इंजिनिअर मंडळींनी एकदा बघावंच, डेटाचा इतका सरळ उपयोग क्वचित दिसतो. शिवाय तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सेव्ह करा. किनाऱ्यापासून लांब गेलं की मोबाइलची रेंज जाते, म्हणून बोटीवर वायरलेस सेट आहे का तेही बघा. घरच्या एकाला बोटीचं नाव आणि परतायची वेळ कळवून ठेवा.

आता आपल्या बाजूचा खर्च. गगनबावड्याहून करूळ घाट उतरायचा, वैभववाडी, तळेरे, कणकवली आणि मग मालवण. एकूण शंभर किलोमीटरच्या आसपास. निघायच्या आधी घाट चालू आहे का ते विचारा. कारनं गेलात तर जाऊन-येऊन तेरा-चौदा लिटर पेट्रोल, पाच जणांत वाटलं की माणशी तीनशेच्या आसपास. राहायला घरगुती खोली, जेवण खानावळीत. बोट पूर्ण ठरवून माणसांत वाटा. समजा सहा हजारांना ठरली आणि सहा जण आहात, तर माणशी हजार. भावात इंधन, आमिष, दोऱ्या आहेत का, आणि पकडलेला मासा कुणाचा, हे आधीच बोलून घ्या. नंतर किनाऱ्यावर वाद नको.

बोट लागण्याची भीती असेल तर उपाशी जाऊ नका, तुडुंब खाऊनही जाऊ नका. बोटीच्या मधल्या भागात बसा, मोबाइलमध्ये डोकं घालू नका, नजर क्षितिजावर ठेवा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या आधी. उलटी सुरू झाल्यावर गोळी घेऊन उपयोग नाही.

शेवटचं. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्यामुळं गरी कुठं टाकायची ते तांडेलाला ठरवू द्या. बारकं पिल्लू लागलं तर हळूच सोडा. कासव अडकलं तर फोटो काढत बसू नका, आधी तांडेलाला सांगा. आपल्यासाठी हा एक दिवसाचा खेळ आहे, त्याच्या घरची चूल त्याच पाण्यावर पेटते.

बाकी, एकही मासा नाही मिळाला तर? मालवणच्या मासळी बाजारात जा, बांगडे घ्या, आणि ग्रुपवर फोटो टाका. कुणी पकडले ते सांगायची सक्ती नाही!

चला, भेटू पुढच्या भागात. ग्रुपमधला जो सगळ्यात स्वस्त बोट शोधतोय ना, त्याला हा एपिसोड आधी पाठवा.