नळाच्या अलीकडे आणि मोरीच्या पलीकडे



शहरांत राहणाऱ्या माणसाचा निसर्गाशीं असलेला संबंध तुटला, अशी तक्रार आपण वरचेवर ऐकतों. हा संबंध पुन्हां जोडण्यासाठीं जो उपाय सुचविला जातो, तो बहुधा प्रवासाचा असतो. रविवारीं माथेरानला जावें, पावसाळ्यांत एखाद्या धबधब्याखालीं उभें राहावें, येऊरच्या रानांत फेरफटका करावा, आणि सोमवारीं सकाळीं पुन्हां लोकलगाडीच्या दाराशीं उभें राहावें. या सहलींस माझा मुळींच विरोध नाहीं. परंतु त्यांच्यामुळें एक चुकीची समजूत मात्र दृढ होते. एक दिवस ज्याच्या घरीं आपण पाहुणे म्हणून जातों तो निसर्ग, आणि उरलेले सहा दिवस ज्याच्या जिवावर आपण जगतों तो निसर्ग, हे दोन निराळे आहेत, असें आपणांस वाटूं लागतें.

आज मला ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील रहिवाशांपुढें एवढेंच मांडावयाचें आहे कीं, निसर्ग आपल्या घरांत रोज येतो आणि रोज घरांतून बाहेर पडतो. नळांतून व बाजाराच्या पिशवींतून तो आंत येतो. मोरींतून व केराच्या टोपलींतून तो बाहेर जातो. तो कोठून येतो व कोठें जातो, हें ज्यास ठाऊक झालें, त्याचा निसर्गाशीं संबंध पुन्हां जडला असें समजावें.

प्रथम नळाचा विचार करूं. डोंबिवलींतील एखाद्या मुलास आपण विचारलें कीं, 'बाळ, हें पाणी कोठून येतें?' तर तो गच्चीवरील टाकीकडे बोट दाखवील. त्याच्या वडिलांस विचारलें तर ते फार तर महानगरपालिकेचें नांव सांगतील. खरें उत्तर असें आहे कीं, तें पाणी उल्हास नदीचें आहे. राजमाचीच्या परिसरांतील डोंगरांत ही नदी उगम पावते; कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असा प्रवास करीत ती कल्याणाकडे येते; काळू व भातसा यांचें पाणी तिला मिळतें; मग डोंबिवली-मुंब्र्याच्या बाजूनें ठाण्याकडे वळून, घोडबंदरावरून वसईच्या खाडीनें ती समुद्रास मिळते. मोहिली येथें तिचें पाणी उचलून, शुद्ध करून कल्याण-डोंबिवलींत वाटलें जातें. शहाडजवळ उचललेलें पाणी टेमघरच्या शुद्धीकरण केंद्रांतून ठाण्याच्या कांहीं भागांस पोहोंचतें, तर दुसऱ्या कांहीं भागांस भातसेचें पाणी मिळतें. पूर्वीं ठाणेंकर येऊरच्या पायथ्याच्या पोखरण तळ्याचें पाणी पीत असत. आपण पितों तें तळें त्यांना डोळ्यांनीं पाहतां येत होतें. आतां पोखरण हें नांव बहुतेकांच्या तोंडीं केवळ रस्त्यापुरतें उरलें आहे.

सह्याद्रींतल्या नद्या पावसाळा संपला कीं क्षीण होऊं लागतात, हा त्यांचा स्वभावच आहे. मग वैशाखांतहि आपला नळ वाहतो तो कसा? एक तर बारवी धरणांत सांठविलेलें पाणी उल्हासांत सोडलें जातें म्हणून. आणि त्या धरणासाठीं कांहीं गांवांना आपल्या जमिनी व घरें सोडावीं लागलीं आहेत, हें आपण विसरतां कामा नये. दुसरें कारण याहूनहि नवलाचें आहे. १९२२ सालीं भिवपुरी येथें टाटांचें जलविद्युत् केंद्र सुरू झालें. घाटमाथ्यावर ठोकरवाडीस अडविलेलें आंध्र नदीचें पाणी मोठमोठ्या नळांतून खालीं सोडून तेथें वीज निर्माण करतात, आणि काम झालेलें तें पाणी उल्हासच्या खोऱ्यांत उतरतें. आंध्र ही इंद्रायणीस मिळणारी नदी. म्हणजे तिचें पाणी एरव्हीं भीमेबरोबर पंढरपुरास जावयाचें, आणि पुढें कृष्णेबरोबर पूर्वसमुद्रास मिळावयाचें. पंढरीच्या वाटेवरून वळविलेलें पाणी आपल्या घागरींत पडत आहे, हें ज्याच्या ध्यानांत आलें, तो नळ उघडा टाकून दांत घाशीत उभा राहील, असें मला वाटत नाहीं.

आतां मोरीकडे वळूं. मोरींतून गेलेल्या पाण्याचें पुढें काय होतें, हें पाहावयाचें असेल तर वालधुनीचा कांठ धरावा. काकोळें गांवाच्या बाजूच्या डोंगरांत निघालेली ही लहानशी नदी अंबरनाथच्या शिवमंदिरावरून वाहते. हें मंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील, शिलाहार राजांच्या काळचें आहे. देवालयासाठीं ज्यांनीं ही जागा निवडली त्यांना नदीचें सान्निध्य पवित्र वाटलें असलें पाहिजे. आज त्याच नदीच्या कांठानें उल्हासनगर, विठ्ठलवाडी करीत कल्याणापर्यंत गेलें तर ठिकठिकाणीं नाकाला रुमाल लावावा लागतो. नोव्हेंबर २०१४ मध्यें कोणीं तरी तिच्या पात्रांत विषारी रसायन ओतलें, आणि त्याच्या वायूनें उल्हासनगरांतील शेकडों माणसांस इस्पितळांत न्यावें लागलें.

अशा वेळीं कारखान्यांस दोष देणें सोपें आहे, आणि तें न्याय्यहि आहे. जानेवारी २०१४ मध्यें डोंबिवलींत हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्यें औद्योगिक वसाहतींतील रस्ता गुलाबी झाला, त्या वेळीं सर्वांचें लक्ष तिकडे गेलें. परंतु नदीस ग्रासणारी एक वस्तु अशी आहे कीं, तिचा रंग कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. ती म्हणजे आपल्या घरांतून निघणारें सांडपाणी. उल्हासच्या पात्रावर वरचेवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. तिचीं जांभळीं फुलें दुरून सुंदर दिसतात. ही वनस्पति मूळची दक्षिण अमेरिकेची; सांडपाण्यांतील नत्र व स्फुरद हेंच तिचें खत. तिच्यामुळें पाण्यांत सूर्यप्रकाश शिरत नाहीं, आंतला प्राणवायु घटतो, आणि मासे गुदमरतात. आपण तिला निसर्गाचा प्रकोप म्हणतों. वास्तविक तिला खतपाणी घालणारे माळी आपणच आहों.

ठाण्याच्या खाडींतील रोहित पक्ष्यांचीहि गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दरवर्षीं हिंवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हे गुलाबी पाहुणे हजारोंनीं येथें उतरतात. २०१५ सालीं खाडीच्या सुमारें १,६९० हेक्टर क्षेत्रास अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि २०२२ सालीं ठाणें खाडीची गणना रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली. हें भूषणावह खरेंच. परंतु अभ्यासक असें सांगतात कीं, लहान रोहित ज्या सूक्ष्म शेवाळावर जगतो, त्याची येथील वाढ कांहीं अंशीं शहराच्या सांडपाण्यावर झाली आहे. म्हणून पक्षी आले याचा अर्थ खाडी निरोगी आहे असा होत नाहीं. खाडीचें खरें आरोग्य पाहावयाचें तर चिखलांतील निवट्या व चिंबोऱ्या किती उरल्या, हें आगरी व कोळी बांधवांस विचारावें.

खाडीकांठचें तिवराचें रान हें या भागाचें दुसरें धन. तिवराचीं श्वासमुळें चिखलांतून वर डोकावत असतात. तीं भरतीचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात, आणि माशांच्या पिलांस आसरा देतात. जेथें भराव घालून हें रान व नदीचें पात्र आकुंचित केलें, तेथें पाण्याला वाट उरत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशीं उल्हास व वालधुनी यांच्या कांठावरील वस्त्या पाण्याखालीं गेल्या. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरांत अडकून पडली, आणि हजाराहून अधिक उतारूंस नावांतून सोडवून आणावें लागलें. नदी आपली रुंदी विसरत नसते; विसरतों ते आपण.

केराच्या टोपलीचा इतिहासहि असाच बोधप्रद आहे. कल्याणचा कचरा अनेक वर्षें खाडीजवळच्या आधारवाडीस टाकला जात होता. तो डोंगर वाढत गेला, वारंवार पेटत राहिला, आणि भोंवतालचे लोक त्याच्या धुरांत श्वास घेत राहिले. कचऱ्याची नीट व्यवस्था होत नाहीं हें पाहून २०१५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें कल्याण-डोंबिवलींतील नव्या बांधकामांस परवानग्या देण्यावर बंदी घातली. पुढें ती उठली, आणि २०२१ सालीं आधारवाडी येथें कचरा टाकणें बंद झालें. या प्रकरणांतील मर्म असें कीं, टोपली दाराबाहेर ठेवली म्हणजे कचरा नाहींसा होत नाहीं. तो दुसऱ्या कोणाच्या तरी दाराशीं जातो.

येथें कोणी विचारील, 'आम्ही सकाळीं सहाला घर सोडतों आणि रात्रीं नऊला परततों. कारखान्यांचे व महानगरपालिकेचे अपराध एवढे मोठे असतांना आमच्या एका घरानें केर निराळा केला, किंवा एक बादली पाणी वांचविलें, तर आभाळाला ठिगळ लागणार आहे काय?' हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यास प्रामाणिक उत्तर दिलें पाहिजे. केवळ घरगुती काटकसरीनें नदी शुद्ध होणार नाहीं, हें खरें. सांडपाणी शुद्ध करणें हें महानगरपालिकेचें काम आहे, आणि कारखान्यांवर नजर ठेवणें हें सरकारचें. परंतु ज्यास आपल्या पाण्याची वाटच ठाऊक नाहीं, तो या दोघांस जाब तरी कशाचा विचारणार? निवडणुकीच्या वेळीं आपण रस्त्यांविषयीं विचारतों, दिव्यांविषयीं विचारतों. 'आमच्या वॉर्डांतील सांडपाणी शुद्ध होऊन खाडींत जातें कीं तसेंच?' असें किती जणांनीं विचारलें असेल? प्रश्न विचारल्यानें काय होतें याचें उदाहरण आपल्यासमोर आहे. तिवरांच्या तोडीविरुद्ध नागरिकांची एक संस्था मुंबई उच्च न्यायालयांत गेली. २००५ सालीं न्यायालयानें महाराष्ट्रभर या तोडीस मनाई केली, आणि २०१८ सालीं अंतिम निकाल देऊन तें संरक्षण कायम केलें. आपल्या भोंवतालच्या सृष्टीची जाण असलेल्या माणसांनींच तो दावा लावला होता.

बाजाराच्या पिशवीविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून हें भाषण पुरें व्हावयाचें नाहीं. मृगाच्या सरी पडल्या कीं कल्याण, डोंबिवली व ठाणें येथील बाजारांत आणि स्टेशनाबाहेर ठाकूर-कातकरी समाजाच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. त्यांत शेवळें असतात, आणि त्यांच्याबरोबर काकडाचीं आंबट फळें असतात. शेवळानें घसा खवखवतो, म्हणून तीं फळें घालून भाजी शिजवावयाची, ही त्या डोंगरांतील ज्ञानाची परंपरा आहे. आपण त्या बाईशीं पांच रुपयांसाठीं घासाघीस करतों. त्याऐवजीं, 'मावशी, ही भाजी कोणत्या डोंगरावरची? यंदा उशिरां कां आली?' असें विचारून पाहावें. पाऊस केव्हां झाला, कोणतें रान तुटलें, कोठें नवा प्लॉट पडला, हें सारें ती सांगेल. मुरबाड-शहापूरचीं रानें शाबूत राहिलीं तर तिची टोपली भरलेली राहील. आणि ती टोपली भरलेली आहे तोंवर आपल्या नद्यांनाहि कांहीं आशा आहे, कारण पावसाचें पाणी धरून ठेवणारीं रानें तींच आहेत.

म्हणून माझी विनंति फार थोडी आहे. घरांतील प्रत्येक मुलास आपल्या नळामागच्या नदीचें नांव सांगा, आणि वर्षांतून एकदां तरी दुर्गाडीच्या खाडीकांठीं, गांधारीच्या पुलावर किंवा उपवनच्या तळ्यावर नेऊन तें पाणी दाखवा. ओला केर घराच्या किंवा सोसायटीच्या आवारांतच मातींत जिरवा; भाजीचीं सालें व निर्माल्य यांचें खत होण्यास कुंडीभर जागा व थोडा धीर पुरतो. कपडे धुण्याची पूड मोजून वापरा. रोजच्या वाटेवरचें एखादें झाड, मग तें ताम्हण असो कीं बहावा, आपलें म्हणून ओळखा. त्यास पालवी केव्हां फुटली, फूल केव्हां आलें, हें दिनदर्शिकेवर टिपून ठेवा. वैशाखांत तें जांभळें किंवा पिवळें झालें नाहीं तर तुम्हांस चुकल्यासारखें वाटेल. आणि उद्यां कोणी त्याच्या बुंध्यावर कुऱ्हाड घेऊन आला, तर तुम्ही खिडकी लावून घेणार नाहीं.

ठाण्याहून डोंबिवलीस जाणारी गाडी मुंब्र्याच्या पुढें डोंगर व खाडी यांच्या मधून धांवते. एका बाजूस पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूस आपलीच उल्हास. दररोज लक्षावधि माणसें त्या वाटेनें जातात. त्यांतील थोड्यांनीं जरी मान वर करून ओहोटी आहे कीं भरती एवढें पाहिलें, तरी त्या संध्याकाळीं त्यांच्या घरचा नळ थोडा कमी वाहील, असा माझा विश्वास आहे.