राणी पाकोळी आणि बिनशंखी गोगलगाय

श्रावणांतल्या एखाद्या सकाळीं कल्याण-डोंबिवलीकडील गृहिणी अंगणांतल्या कुंड्यांपुढें उभी राहिली, तर तिला दोन पाहुण्यांची ओळख पटण्याचा संभव असतो. एक येतो काळ्याभोर मखमली पंखांवर निळीचा शिडकावा घेऊन. दुसरा रात्रींच येऊन गेलेला असतो. मागें उरते चकाकणारी रेघ आणि कुरतडलेलें तेरड्याचें रोप. पहिल्यासाठीं मुलांना हांक मारली जाते, दुसऱ्यासाठीं मिठाचा डबा उघडला जातो.

पहिली ती राणी पाकोळी. भारत आणि श्रीलंका एवढाच तिचा मुलूख. २०१५ सालीं महाराष्ट्रानें तिला राज्याचें फुलपांखरू ठरविलें. ठाणेकरांना तिच्या दर्शनासाठीं येऊरचें रान जवळ आहे.

परंतु ही राणी जन्मतः राणी नसते. लिंबू, पपनस अशा झाडांच्या पानांवर तिचीं अंडीं असतात. त्यांतून निघालेली अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि तेंच तिचें चिलखत. विष्ठेला चोंच कोण लावणार? पुढें ती हिरवी होते; डिवचल्यास डोक्यामागून शिंगासारखा अवयव काढून उग्र दर्प सोडते. आणि खाते काय, तर मालकाच्या लिंबाचींच पानें! पान खाणें हाच गुन्हा असेल, तर एकट्या गोगलगायीला पिंजऱ्यांत उभें करणें न्यायाचें नाहीं. राणी मात्र पंख फुटल्यावर परागकण वाहून थोडी भरपाई करते.

गोगलगायीची ही काळपट, चिवट कातडीची, पाठीवर फिकट रेघ असलेली जात मूळची आफ्रिकेंतली. शंख नाहीं, म्हणून ऊन तिचें वैरी. दिवसां कुंडीखालीं, रात्रीं चाऱ्यावर. प्रत्येक जीव नरही आणि मादीही. तिच्यापासून खरें भय निराळेंच आहे. उंदराच्या फुप्फुसांत राहणाऱ्या एका कृमीचीं बारीक पिल्लें तिच्या शरीरांत वाढूं शकतात. तिचा अंश लागलेला पाला कच्चा पोटांत गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येऊं शकते.

तरीही मीठ टाकणें शहाणपणाचें नाहीं. अंगांतलें पाणी शोषलें जाऊन जीव तडफडतो, आणि तेंच मीठ मातींत उतरून रोपालाही बाधतें. रात्रीं दिवा घेऊन ती चिमट्यानें उचलावी, उघड्या हातानें नव्हे, आणि साबणाच्या पाण्यांत टाकावी. कोथिंबीर, पुदिना वाहत्या पाण्याखालीं पान न् पान धुवावा. लिंबावरची अळी मात्र असूं द्यावी.